पाळण्याचा वाटा

तुमच्या गावात एखादी चांगली संस्था चालत असेल, वाचनालय, तालीम, बालवाडी, प्रौढांची शाळा, काहीही, तर एक खरं सांगा: ज्याच्या जिवावर ती चालते त्या माणसाला तुम्ही शेवटचं ‘नाही’ कधी म्हणालात?

आठवायला वेळ लागत असेल तर तुम्ही एकटे नाही. आमच्या महिला मंडळाला असा शब्द असतो हेच ठाऊक नव्हतं.

पुन्हा कापूस फुटला आहे. सकाळी दहिवर पडलेलं असतं तेव्हा गावाभोवतीची काळी रानं दही सांडल्यासारखी दिसतात. दुपारी त्याच रानात पाठ भाजते आणि वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडांत शिरतात. आमच्याकडे वेचणारीची बोटं कुठंही ओळखू येतात, लग्नात अक्षता टाकताना, दुकानात मीठ घेताना. इतका मऊ कापूस इतक्या अणकुचीदार घरात का राहतो, हे मला लहानपणी कळत नसे. आता कळतं असंही नाही. समुद्रपूरकडे जाणाऱ्या वाटेवर बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग लागते. भरल्या बंडीतला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना घासत जातो आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके राहतात. पोरं म्हणतात, बाभळीलेबी बोंडं आली. मला मात्र ते पुंजके पाहिले की मागच्या हंगामाची आठवण येते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचा तो दुसरा हंगाम होता.

या हंगामाला एक आवाज असायचा. वेचणीला गेलेल्या बायांची लेकरं बांधावरच्या झाडाला लुगड्याच्या झोळीत टांगलेली असायची. त्यांचं रडणं वाऱ्यावर यायचं, आणि बाई ओळीच्या मधोमध थांबून कान द्यायची. थांबली की मागून मुकादमाची शिवी. मग एखादी जुनीजाणती तोडगा सांगायची. मोहरीएवढी अफूची गोळी, आईच्या बोटावरून, दुधाच्या थेंबात. लेकरू निजायचं. रान गप्प व्हायचं. कापूस भराभर ओटीत पडायचा. ओटी म्हणजे पोटाशी बांधलेली पदराची झोळी. एक झोळी झाडाला, एक पोटाला, आणि मधे बाई.

शेवंता आमच्याच वस्तीतली, माझ्याहून थोडी मोठी. तिचं पहिलं लेकरू असंच निजलं. ओळ संपवून ती पाजायला आली तेव्हा झोळी हलत होती. वाऱ्यानं.

त्यानंतर मंडळ निघालं. अध्यक्ष अनसूया मामी. त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत, कुणब्याच्या घरच्या, पण सारा गाव त्यांना मामी म्हणतो. त्यांच्या शेतीचा तुकडा लहान आणि तोंड मोठं. मी शाळेची फायनल पास झालेली, म्हणून मला चिटणीस केलं आणि गाव मला मास्तरीण म्हणू लागला. ठरलं एवढंच, की वेचणीच्या दिवसांत लेकरं एका जागी ठेवायची, त्यांना अंबील पाजायचं, आणि गावातून अफूची गोळी हद्दपार करायची. जागा कुठं? मालगुजारांनी आपला रिकामा कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, दिला. सरकारनं मालगुजारी, गावाची ती जमीनदारी, संपवली होती, पण ती कागदावरची. गावाच्या तोंडातली संपली नव्हती. कोठ्याबरोबर त्यांनी अंबिलीला जवारीही दिली. ज्या खुंट्यांना पूर्वी बैलांची जोती टांगत त्यांनाच आम्ही झोळ्या बांधल्या. वर्ध्याहून एक साहेब पाहायला आले आणि म्हणाले, असे दाते गावोगाव हवेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या.

त्या कोठ्यातल्या सकाळी अजून माझ्या नाकात आहेत. शेण, कडबा, आंबलेलं पीठ, लेकरांच्या टाळूचं तेल. गवाक्षातून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि त्यात कापसाची तूस तरंगायची. ती धरायला एक लेकरू रोज मूठ उघडायचं नि मिटायचं. मला वाटे, जगात यापेक्षा चांगलं काम नाही. अजूनही वाटतं. आणि तिथंच फास होता.

वेचणी ऐन भरात आली तशी गोष्ट बाहेर आली. देवराव नावाच्या लहान शेतकऱ्याचा कापूस एकदम फुटला. घरात हात नव्हते, आभाळ भरून येत होतं. त्यानं वेचणाऱ्यांना चढा वाटा कबूल केला. वाटा म्हणजे काय ते परगावच्या वाचकाला सांगायला हवं. सांजवेळी वेचलेल्या राशीचे सारखे ढीग पाडतात. बाकीचे मालकाचे, एक वेचणारीचा. तो तिचा वाटा, तीच तिची मजुरी. मालगुजारांच्या शेतावर हे ढीग त्यांचे दिवाणजी पाडायचे. मालकाचा ढीग पायानं दाबून बसवायचे आणि बाईचा ढीग हातानं फुलवून ठेवायचे. दिसायला दोन्ही सारखे. शेवंता म्हणाली, मी देवरावदादाकडे जाते. तिच्या दुसऱ्या लेकीचे, मंजुळेचे, दात निघत होते. तिला घेऊन ती रोजच्यासारखी कोठ्यावर आली. दाराशी दिवाणजी उभे.

“कोनाच्या शेतावर चालली वं?”

“देवरावदादाच्या.”

“मंग लेकरू देवरावाच्या कोठ्यात ठेव.”

“त्यायले कोठा कुठी हाये, दिवाणजी?”

“तेच त सांगून राह्यलो.” दिवाणजी पान चघळत हसले. “कोठा मालकाचा, जवारी मालकाची. पाळना मालकाचा म्हटला की हात कोनाचे? तूच सांग.”

मी मधे पडले. हे मंडळाचं काम आहे, मालकांनी फक्त मदत केली आहे, असलं काहीतरी म्हणाले. दिवाणजींनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

“मास्तरीन बाई, मंडळ तुमचंच. आमी कुठी नाई म्हनतो? फकस्त टाळ्या वाजवल्या तवा कोनासाठी वाजवल्या थे इसरू नोका.”

शेवंता त्या दिवशी मालगुजारांच्या शेतावर गेली.

तेव्हापासून मला कोठ्यात श्वास पुरेना. आम्ही लेकरांना अफूतून सोडवलं आणि त्यांच्या आयांना दावणीला बांधलं. बरं, बांधणाऱ्यानं दोर विकत आणला नव्हता. आम्हीच तो वळून त्याच्या हातात दिला होता. सोडून द्यावं तर लेकरं पुन्हा बाभळीला. चालू ठेवावं तर आया त्याच्या. मी आत यायची, अंबील ढवळायची, झोळ्यांना झोके द्यायची आणि प्रत्येक झोक्याबरोबर मनात म्हणायची, हा त्याचा, हाही त्याचा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मामा नागपूरच्या गिरणीत होता. येताना पत्रकं आणायचा, लाल, पिवळी, निळी. आईनं ती वारा अडवायला कुडाच्या भिंतीला चिकटवली होती आणि त्या भिंतीवर मी वाचायला शिकले. शाळेत ‘अ’ अननसाचा होता. अननस आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. भिंतीवरचा ‘अ’ अन्यायाचा होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. पत्रकाचं माझ्यावर ऋण आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण पत्रक उद्गारचिन्हाशी संपतं. उद्गारचिन्हाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिलीला पीठ कुठून आणायचं, ते कुठल्याच रंगाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. उठा, जागे व्हा, तोडा, हे सगळं मला पाठ होतं. आता मागायला शिकायचं होतं, तेही ताठ मानेनं. आणि त्यासाठी माझ्याजवळ शब्दच नव्हता.

हसू नका. शब्दावरच सगळं अडलं. मी वस्तीत पहिल्या घरी गेले, तुळसाआजीच्या, आणि म्हणाले, “आजी, पाळण्यासाठी वर्गणी पाहिजे.” आजीनं अर्धं दार लोटलं.

“वर्गनी? माय वं! देवाची वर्गनी बंद म्हनून साऱ्या वस्तीत तूच त बोंबलत फिरली. आता कोनता देव आनला?”

“देव नाही आजी, लेकरांसाठी.”

“सारेच पह्यले लेकराईसाठीच म्हनते. मंग मूर्ती निंगते.”

साऱ्या वस्तीत हेच. आम्ही नव्यानं सोडलेला शब्द मीच दारोदार परत घेऊन हिंडत होते. मग मी ‘दान’ म्हणून पाहिलं. पाली भाषेत तो चांगला शब्द आहे. पण ग्रहण सुटल्यावर ‘दे दान सुटे गिराण’ ओरडत गावभर ज्यांच्या बापांना फिरावं लागलं, त्यांना तो कानाला पोळतो. एक काका नुसते उठून आत गेले. कुणब्यांच्या आळीत मी ‘देणगी’ म्हटलं. तिथल्या बाया खळखळून हसल्या. “देनगी मालकानं द्याव वं बाई, आमी काय देनगी देनार? आमच्या नावाची पाटी लावते काय कोठ्यावर?” म्हणजे वर्गणी देवाची, दान ग्रहणाचं, देणगी मोठ्यांची. लहान माणसानं आपल्या कामासाठी आपणच काही बाजूला काढावं, त्याला आमच्या गावात नावच नव्हतं. ज्याला नाव नाही ते कोण कसं देणार? मी रिकाम्या हातानं कोठ्यावर परतले आणि मालकाच्या जवारीचं अंबील ढवळू लागले.

मग ती सकाळ आली. देवरावाचा कापूस बोंडांतून लोंबायला लागला होता. शेवंता मंजुळेला काखेत घेऊन कोठ्याच्या दारात आली. आत आली नाही. तिनं उजवी मूठ माझ्यापुढं उघडली. तळहातावर काळी गोळी होती.

“देवरावदादाकडे चालली मी. तुह्या पाळन्यात जागा नाई. मंग हे देऊ का इले? सांग. तूच सांगजो, तू शिकेल हायस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या मागं खुंट्यांवर झोळ्या झुलत होत्या. मी अनसूया मामींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “माह्याकडे काय पाह्यतं? इथलं मी पाह्यतो. तू जाय तिच्यासंग.” मी मंजुळेला घेतलं, गोळी घेऊन नालीत टाकली आणि देवरावाच्या बांधावर जाऊन बसले.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. लेकरू धरलं, एवढंच. मंजुळा हिरड्या शिवशिवून रडायची, मी तिला तुरीच्या शेंगा दाखवायची, मुंग्या झटकायची. समोरच्या ओळीतून शेवंतेची पाठ हळूहळू पुढं जात होती. एकदाही ती कान द्यायला थांबली नाही. दुपारनंतर तिच्या ओळीतून गाणंही आलं. अफूशिवाय गप्प झालेलं रान मी तेव्हा प्रथम ऐकलं.

सांजवेळी रास पडली. देवराव ढीग पाडायला वाकला आणि माझ्याकडे पाहून त्याला कोडं पडलं.

“आता इले काय द्याव, बाप्पा? हे त दिवसभर सावलीत बसली. बोंडाले हातबी नाई लावला.”

बाया हसल्या. शेवंता ओटी झटकत म्हणाली, “मंग पाळन्याचाबी वाटा काढा, दादा! तिनं पोरगी धरली म्हनून माहे दोन हात मोकळे. नाईतर एका हातानं येचला असता, एका हातानं डोळे पुसले असते. तुमची रास अर्धी भरली असती.”

“पाळन्याचा वाटा!” देवराव मोठ्यानं हसला. “आता पाळनाबी मजूर झाला काय?”

“मजूर नाई त काय? दिवसभर उभा हाये थो.”

देवराव हसता हसता थांबला. राशीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग ढीग पाडायच्या आधीच त्यानं न वाटलेल्या राशीत दोन्ही हात घातले आणि भरली ओंजळ माझ्या पदरात टाकली. ती त्याच्या ढिगातली नव्हती, बायांच्याही नव्हती. दोघांच्या मधली होती. कोणी कोणाचे उपकार मानले नाहीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थट्टेत निघालेला शब्द सगळ्यांना आधीपासून माहीत होता: वाटा. वाटा मागायला मान खाली घालावी लागत नाही. वाटा दिला म्हणून कोणी मालक होत नाही. आणि मला वाटतं, चळवळीचं निम्मं दारिद्र्य पैशाचं नसतं, अशा एखाद्या शब्दाचं असतं.

पुढचं सांगताना मला मोठा आवाज काढायचा नाही, कारण पुढचं मोठं नव्हतं. आणखी दोन-तीन लहान शेतकरी पाळण्याचा वाटा काढू लागले, त्यांना हात हवे होते म्हणून. हे कळताच मालगुजारांच्या कोठ्याला कुलूप लागलं. आम्ही झोळ्या सोडून आमच्या वस्तीतल्या सभागृहात नेल्या. सभागृह म्हणजे चार भिंती, वर आभाळ. अर्ध्याअधिक कुणबी आयांनी तिथं लेकरं आणायचं नाकारलं. अनसूया मामी त्यांच्या दारोदार जाऊन बोलल्या, “ढोराच्या कोठ्यात ठेवली तवा कोनी काई बोललं नाई, अन् मानसाच्या घरात ठेवाले इटाळ होते काय वं?” काही लाजून आल्या. काही आल्या नाहीत, आणि त्यांची लेकरं पुन्हा बाभळीला लोंबली. त्यांतलं एखादं रडता रडता एकाएकी गप्प झालं की आमच्या सभागृहात आम्ही एकमेकींकडे बघायचो. तो फास सुटला असं मी कधीच लिहिणार नाही.

आणखी एक गोष्ट घडली आणि तिला मी तयार नव्हते. ओंजळ देणाऱ्या बाया प्रश्न विचारू लागल्या. अंबील पातळ काऊन? कापूस इकला त्याचं काय आनलं? तेलाची बाटली इतक्यात कशी सरली? तुळसाआजी, जिनं मला दारातून परत पाठवलं होतं, ती तर रोज येऊन डेचकीत डोकावायची. मला राग यायचा. दिवसभर राबा आणि वर उत्तरं द्या! मालगुजारांनी एकदाही विचारलं नव्हतं की अंबील पातळ आहे की घट्ट. आणि हे मनात येताच मी जागच्या जागी थांबले. त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांना हवं होतं ते रानातून त्यांच्या राशीवर येऊन पडत होतं. आजीला मात्र अंबीलच हवं होतं, घट्ट.

संस्था चालवणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, ओंजळींनी कुठं संस्था चालतात? त्यांचं अगदीच चूक नाही. कापूस फाल्गुनात संपतो, लेकरं नाही संपत. उन्हाळ्यात आमचा पदर रिकामा असतो. एक मोठा माणूस, एक अर्ज, एक पाटी, यात सोय आहे हे मलाही दिसतं. पण सोयीचे दोर फार मऊ असतात. गळ्याला लागेपर्यंत ते रेशमासारखे वाटतात.

आज हे लिहायला बसले, कारण तो मऊ दोर पुन्हा दारात आला आहे. गेल्या आठवड्यात दिवाणजी स्वतः वस्तीत आले, माझ्या आईला ‘बाई’ म्हणाले आणि खाली बसले. मालकांनी कोठ्यावर नवं टिन घातलं आहे. जवारी तयार आहे. अट काहीएक नाही. “मागचं इसरून जा, मास्तरीन बाई. लेकराईले थंडी वाजते.” थंडी वाजते हे खरं आहे. आमच्या सभागृहावर अजून छप्पर नाही. काल बायांची बैठक झाली आणि मी पत्रकासारखं बोलले नाही. मला ते जमलंच नाही. कोपऱ्यात एक बाई तान्ह्याला पदरात गुंडाळून बसली होती. ती हळूच म्हणाली, “पन टिन हाये वं त्यायच्या कोठ्याले.” 

मग शेवंता बोलली. “माही पोरगी आता चालते. मले पाळना लागत नाई. पन मी ज्या शेतावर जाईन तिथून वाटा काढीन. तुमी कोठ्यात जा का कुठीबी जा, माहा वाटा कोठ्यात जानार नाई.”

बायांनी यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ठरलं ते एवढं: या हंगामात राशीतून वाटे निघाले तर सभागृहावर पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांचं का होईना छप्पर घालायचं. नाही निघाले तर कोठ्यावर जायचं, मान खाली घालून. पहिल्या राशी या आठवड्यात पडतील. मी वाट पाहते आहे. माझ्या हातात एवढंच आहे, आणि मला ते पुरत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागते. आमच्या गावासाठी नाही. आमचं आम्ही बघू. तुमच्याही शिवारात याच आठवड्यात ढीग पडतील. तुम्ही शेतकरी असा की वेचणारी, ढीग पाडायच्या आधी न वाटलेल्या राशीतून एक ओंजळ काढा. कापूस नसेल तर जवारी, जवारी नसेल तर पगारातलं जे असेल ते. ती दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. आपल्या गावातलं जे कोणतं काम जगावं असं तुम्हाला वाटतं, तिथं स्वतः पायी घेऊन जा, खाली बसा, आणि मागच्या वर्षीच्या ओंजळींचं काय झालं ते विचारा. चालवणारी माझ्यासारखी तापट असेल तर ती चिडेल. चिडू द्या. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.